गोरोबाकाकांचे थापटणे

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात माकणी येथे तेरणा नदीचे पाणी निम्न तेरणा धरणाच्या भिंतीशी येऊन थबकते. पावसाळ्यात वरच्या अंगाची माती वाहून आणावी, पाणी संथ झाले की ती तळाशी बसू द्यावी आणि पुढे मांजरेच्या भेटीला निघावे, हा या नदीचा जुना नित्यक्रम. माकणीपासून नदीच्या उगमाच्या दिशेने वर जात राहिले, की याच तेरणेच्या काठी तेर हे गाव लागते. सुमारे सातशे वर्षांपूर्वी तिथला एक कुंभार ही गाळाची माती रोज घरी आणत होता, भिजवत होता, तुडवत होता आणि तिची मडकी घडवत होता. महाराष्ट्र त्याला गोरोबाकाका म्हणतो.

गोरोबांच्या आयुष्यात रणसंग्राम नाहीत, राजदरबार नाहीत, ग्रंथरचनेचा मोठा संसारही नाही. त्यांच्या नावावर आज मिळतात ते वीसेक अभंग. तरीही वारकरी परंपरेने त्यांना ज्ञानदेव, नामदेव, मुक्ताबाई यांच्या मेळ्यात वडीलकीचे स्थान दिले आणि इतरांची पारख करण्याचा अधिकारही दिला. हा अधिकार त्यांना कोणत्या शास्त्राने दिला नव्हता. तो आला होता मडकी थापटण्याच्या रोजच्या कामातून. मात्र याच रोजच्या कामात त्यांच्या हातून, किंबहुना पायांखाली, एक भयंकर गोष्ट घडली होती, असेही परंपरा सांगते. गोरोबांचे चरित्र समजून घ्यायचे तर या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

तेर हे काही आडबाजूचे खेडे नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात तगर या नगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून सुती कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. गावातील त्रिविक्रम मंदिर मुळात विटांनी बांधलेले बौद्ध चैत्यगृह होते आणि पुढे ते विष्णूचे देवालय झाले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून उभ्या राहिलेल्या तेरच्या संग्रहालयात हस्तिदंती मूर्तीबरोबर सातवाहन काळातील मृण्मूर्ती आणि मातीची भांडीही आहेत. म्हणजे गोरोबा जन्मले त्याच्या हजार वर्षे आधीपासून या गावात माती कालवणारे, भाजणारे हात होते. गोरोबा एका फार लांब रांगेतले कुंभार होते.

परंपरेने त्यांचा जन्म इ. स. १२६७ मधला मानला जातो. ज्ञानदेव १२७५ चे, नामदेव १२७० चे. त्यामुळे या तरुण संतमेळ्यात गोरोबा वयाने थोडे थोर, म्हणून सर्वांचे काका. त्यांच्या नावाविषयी एक लोककथा आहे. त्यांच्या आईवडिलांची आधीची मुले जगली नाहीत. ती गोरीत, म्हणजे पुरलेल्या जागी, गेली. तिथूनच विठ्ठलाने परत दिलेले मूल म्हणून हा गोरा. कथेचा ऐतिहासिक आधार शोधण्यात अर्थ नाही. पण मूल गमावण्याचे दुःख या घराने गोरोबांच्या जन्माआधीच ओळखले होते, असे लोकमानसाने मानले, ही गोष्ट पुढील प्रसंगाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कुंभाराचा दिवस लहान लहान कृतींचा बनलेला असतो. आणलेली माती वाळवायची, कुटायची, चाळायची, पाण्यात भिजत घालायची. तिच्यात लीद, राख किंवा भुसा योग्य प्रमाणात मिसळायचा. मग चिखल पायांनी तुडवायचा. हे तुडवणे दिसायला कष्टाचे आणि बुद्धीला फारसे काम न देणारे वाटते. प्रत्यक्षात कुंभाराचे तळपाय इथे डोळ्यांचे काम करतात. एखादा खडा राहिला तर चाकावर तो बोटाला लागतो आणि भांड्याची भिंत फाडतो. हवेचा बुडबुडा किंवा ओल राहिली तर आव्यात भांडे तडकते. चिखलात काय आहे आणि काय नसावे, हे तळपायाला कळावे लागते.

तुडवलेल्या मातीचा गोळा चाकावर चढतो. काठीने चाकाला गती द्यायची आणि ती ओसरण्याआधी आकार उभा करायचा. दोऱ्याने कापून उतरवलेले भांडे अजून जाड आणि ओबडधोबड असते. ते सावलीत थोडे सुकू द्यायचे. फार ओले असेल तर थापटताना बसते, फार सुकले तर भेगाळते. ती नेमकी वेळ हाताला समजली, की आत एका हाताने गोल गुंडा धरायचा आणि बाहेरून दुसऱ्या हाताने लाकडी थापटणे चालवायचे. एका मडक्यावर असे शेकडो हलके ठोके पडतात. प्रत्येक ठोक्यानिशी भिंत थोडी पातळ होते, पोट थोडे फुगते. ठोका जोरात पडला तर मडके फुटते, फारच हलका पडला तर आकार येत नाही. शेवटी आवा रचायचा, गोवऱ्या आणि काटक्या पेटवायच्या आणि आच उतरेपर्यंत धीर धरायचा. यातली कोणतीही कृती मोठी नाही, आणि कोणतीही गाळता येत नाही. गोरोबांचे आयुष्य याच फेऱ्यात गेले. त्या जोडीला मुखी विठ्ठलाचे नाम होते.

आणि तरीही तो दिवस उगवला. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तिविजयात, आणि त्याआधीपासून कीर्तनांत, ही कथा सांगितली जाते. पत्नी संती पाण्याला निघाली. अंगणात तान्हे मूल होते. त्याच्याकडे लक्ष ठेवण्यास तिने नवऱ्याला सांगितले. गोरोबा चिखल तुडवत होते. नामस्मरणात डोळे मिटले, देहभान हरपले, पाय मात्र सवयीने चालत राहिले. मूल रांगत चिखलात आले आणि त्या पायांखाली गेले. संती घागर भरून परतली, तेव्हा माती लाल झाली होती.

कीर्तनकार शतकानुशतके ही कथा भक्तीच्या पराकाष्ठेचा दाखला म्हणून सांगत आले. ज्याला आपल्या मुलाचेही भान उरले नाही, त्याची तल्लीनता केवढी असेल, असा तिचा रूढ अर्थ. पण कथेत आणखी एक स्वर आहे आणि परंपरेने तो पुसून टाकलेला नाही. तो संतीचा. तिने आक्रोश केला, नवऱ्याला आणि त्याच्या देवालाही बोल लावले. समाधी मोडली म्हणून रागावलेले गोरोबा तिच्यावर हात उगारून धावले. तेव्हा तिने त्यांना विठ्ठलाचीच आण घातली, की यापुढे आपल्याला स्पर्श करू नये. देवाच्या नावात हरवलेल्या माणसाला तिने त्याच देवाच्या नावाने थांबवले.

संतीने मागितले होते ते फार थोडे होते. पाणी घेऊन येईपर्यंत मुलाकडे पाहणे, एवढेच. घरोघरी दिवसातून अनेकदा मागितली जाणारी ही मदत. जो तळपाय चिखलातला बारीक खडा ओळखतो, त्याला त्या क्षणी मूल ओळखता आले नाही. कारण पाय सवयीचे गुलाम झाले होते आणि मन दुसरीकडे होते. काम चालू राहिले, कामातले लक्ष निघून गेले. मन उत्तम जागी होते, विठ्ठलाच्या पायी होते, ही सबब संतीला पुरली नाही आणि कथेलाही पुरलेली दिसत नाही. कारण कथा इथे संपत नाही. ती गोरोबांना फार लांबच्या आणि कठोर वाटेने पुढे नेते.

घातलेली आण गोरोबांनी अक्षरशः पाळली. संसार थांबला. वंश खुंटेल या चिंतेने संतीने आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी त्यांचे लग्न लावून दिले. दोघी मुलींना सारखेच वागवावे, असे सासऱ्याने सांगितले; गोरोबांनी त्याचा अर्थ असा घेतला, की जी आण एकीची तीच दुसरीचीही. एका रात्री झोपेत बहिणींनी त्यांचे हात आपल्या अंगावर घेतले. जागे झालेल्या गोरोबांना आण मोडल्याचे कळले आणि ज्या हातांनी ती मोडली, ते हात त्यांनी तोडून टाकले. कुंभाराचे हात गेले, म्हणजे चाक गेले, थापटणे गेले, घराची भाकरी गेली.

यानंतर कथा सांगते, की विठ्ठल स्वतः कुंभाराचा वेश घेऊन तेरला आला, रुक्मिणी आणि गरुडही आले आणि त्यांनी गोरोबांच्या घरी राबून मडकी केली. या चमत्काराकडे श्रद्धेने पाहावे किंवा रूपक म्हणून, त्यातला व्यवहार मात्र स्पष्ट आहे. भक्त देवाच्या ध्यानात असला तरी माती आपोआप तुडवली जात नाही आणि आवा आपोआप पेटत नाही. ते काम कुणाला तरी करावेच लागते. भक्ताने सोडले तर देवाला करावे लागते. वारकरी परंपरेने कामाला पर्याय म्हणून भक्ती सांगितली नाही, याचा याहून ठसठशीत दाखला क्वचित सापडेल.

पुढे पंढरपुरात नामदेवांचे कीर्तन रंगले असता सर्वांनी हात उंचावून टाळ्या वाजवल्या. गोरोबांनीही आपले थोटे हात वर केले आणि त्यांना हात फुटले, मूलही परत मिळाले, संतीची आण सुटली, असा कथेचा शेवट आहे. आधुनिक मनाला हा शेवट स्वीकारणे जड जाते. तरी एक तपशील विलक्षण आहे. हात परत येतात ते एकांतातल्या समाधीत नव्हे. चार माणसांत उभे राहून, समोर चाललेल्या कीर्तनाकडे कान देऊन, सर्वांबरोबर केलेल्या टाळीच्या साध्या कृतीत ते परत येतात.

गोरोबांची दुसरी प्रसिद्ध कथा पहिलीच्या नेमकी उलट आहे. संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईची नजर कोपऱ्यातल्या थापटण्यावर गेली आणि ते कशासाठी, असे तिने विचारले. मडके कच्चे की पक्के हे यावरून समजते, असे काकांनी सांगितले. मग माणसे तरी काय, तीही मातीचीच भांडी. आमचीही पारख करावी, असे तिने सुचवले. गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोका देत निघाले. ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपानदेव शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा ते दुखावले, रागावले. काकांनी निर्णय दिला, की हे एक मडके अजून कच्चे आहे.

थापटण्याचे मूळ काम घडवण्याचे. कथेत तेच साधन पारखीचे होते, आणि यात विसंगती नाही. घडवतानाच कुंभार ऐकत असतो. भिंत कुठे जाड, कुठे पातळ, आत कुठे पोकळी आहे, हे प्रत्येक ठोक्याचा नाद त्याला सांगत असतो. हजारो मडक्यांवर लक्षपूर्वक दिलेल्या ठोक्यांनी गोरोबांच्या कानाला ही जाण आली होती. तुडवणारे पाय सवयीने आंधळे झाले, थापटणारे हात त्याच सवयीने डोळस झाले. एकाच माणसाच्या, एकाच अंगणातल्या, एकाच धंद्यातल्या या दोन सवयी. फरक एवढाच, की ठोका देणारा नाद ऐकण्यासाठी दर वेळी थांबतो.

ज्ञानदेवांनी १२९० मध्ये सिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे जी एक गोष्ट मागितली आहे, ती अवधान. मराठीला हा शब्द नवा नाही. तल्लीनता आणि अवधान यांत मात्र अंतर आहे. तल्लीन माणूस एका गोष्टीत बुडतो आणि बाकीचे जग त्याच्यापुरते नाहीसे होते. अवधान ठेवणारा माणूस हातातल्या कामात पूर्ण असतो आणि अंगणात रांगणारे मूलही त्याला दिसत असते. गोरोबांच्या दोन कथा शेजारी ठेवल्या, तर पहिल्या अवस्थेकडून दुसरीकडे झालेला प्रवास दिसतो.

नामदेवांनी ती पारख अखेर मनावर घेतली. ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू केले. पुढे हेच नामदेव उत्तरेत पंजाबापर्यंत गेले आणि त्यांच्या रचना शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाल्या. कच्चे ठरवले गेलेले मडके पक्के झाले ते त्या एका ठोक्यामुळे. तो ठोका देताना गोरोबांनी नामदेवांची कीर्ती पाहिली नाही आणि त्यांना हिणवलेही नाही. कच्चे मडके कुंभार फेकून देत नाही. त्याला अजून आच हवी, एवढेच तो जाणतो.

त्या काळातले संत आपापल्या कामात असेच उभे होते. अरणचे सावता माळी मळा सोडून फारसे कुठे गेले नाहीत. नरहरी सोनार, सेना न्हावी, दळणकांडण करणारी जनाबाई, या सर्वांनी आपल्या धंद्याचीच भाषा भक्तीला दिली. दिवसातले काही क्षण बाजूला काढून देवाला द्यावेत, ही सोय कष्टकऱ्यांना नव्हती. म्हणून त्यांनी दिवसभराच्या लहान कृतींनाच साधना केले. गोरोबांचे वेगळेपण असे, की या साधनेत चूक कशी होते आणि तिची किंमत कोण मोजतो, हेही त्यांच्या चरित्रात नोंदले गेले आहे.

गेल्या काही दशकांत जगभर हाच विषय नव्या भाषेत चर्चिला जातो. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी ताणतणाव कमी करण्यासाठी सजगतेच्या सरावाचा कार्यक्रम सुरू केला. श्वास, चालणे, खाणे अशा साध्या गोष्टींकडे लक्ष देण्याचा तो सराव होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका अभ्यासात ९६ जणांना एक लहानशी कृती रोज करायला सांगितली गेली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले; कुणाला १८ दिवसांत जमेल, तर कुणाला २५४ दिवस लागतील, असे हिशेब निघाले. कृती अंगवळणी पडली, याचा अर्थ ती विचार न करता होऊ लागली. सवयीचे बळ तेच आणि धोकाही तोच. सवय लागली म्हणजे काम संपले, असे आपण समजतो. तेरच्या अंगणातली कथा सांगते, की लक्ष देण्याची खरी गरज सवय लागल्यानंतर सुरू होते.

शहरी दिनक्रमात चिखल नाही, पण तुडवणे आहे. दूध तापवणे, गाडी चालवणे, मुलाला शाळेत सोडणे, वृद्ध आईशी दोन शब्द बोलणे, ही सारी कामे पाय सवयीने उरकतात आणि मन भ्रमणध्वनीच्या पडद्यावर किंवा उद्याच्या बैठकीत असते. यातले एखादे काम तरी कुंभाराच्या ठोक्यासारखे, नाद ऐकत करता येते. त्यासाठी आयुष्य बदलावे लागत नाही. उंबऱ्यातून कुणी मुलाकडे लक्ष ठेवायला सांगत असेल, तर तेवढा वेळ मुलाकडे पाहावे लागते.

गोरोबाकाकांनी इ. स. १३१७ मध्ये, शके १२३९ च्या चैत्र वद्य त्रयोदशीला, तेर येथे समाधी घेतली असे मानतात. तेरणेच्या काठी त्यांचे समाधिमंदिर आहे आणि चैत्र वद्यात तिथे यात्रा भरते. गावात त्यांचे म्हणून दाखवले जाणारे घरही आहे. ज्ञानदेव १२९६ मध्येच गेले होते. वडील असलेल्या काकांनी त्या तरुण मेळ्यातले अनेक जण आपल्या आधी जाताना पाहिले. पुढची वीस वर्षे मडकी घडतच राहिली असतील.

ही यात्रा भरते त्याच दिवसांत पुण्यामुंबईच्या पदपथांवर माठांची रास लागते. गिऱ्हाईक वाकते, एक माठ उचलते, बोटाच्या पेराने टिचकी मारते आणि कान जवळ नेते. बद्द आवाज आला तर माठ खाली ठेवला जातो, खणखणीत आला तर घरी नेला जातो. मागे रहदारीचा गोंगाट असतो, घाई असते, खिशात फोन वाजत असतो. तरीही तेवढा एक क्षण माणूस खरोखर ऐकतो. सातशे वर्षांपूर्वी तेरणेच्या काठी गोरोबांनी हेच ऐकणे रोजच्या कामाला जोडले होते.